पाण्यावरचा हिशेब

दिवाळी आली की आमच्या जव्हार-मोखाड्यातून दोन प्रकारची माणसे प्रवासाला निघतात.

पहिल्या प्रकारची माणसे भाऊबीज होते न होते तोच निघतात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, हातात पातेली आणि पिशवीतून मान बाहेर काढून बसलेली एखादी कोंबडी, असा त्यांचा सरंजाम असतो. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर ती जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. दुसऱ्या प्रकारची माणसे म्हणजे आम्ही. मास्तर, कारकून, पतपेढीतले हिशेबनीस. आम्हाला खरे म्हणजे कोठेच जायचे नसते. पण सुटी लागली म्हणजे कोठेतरी गेलेच पाहिजे, अशी हल्लीची रीत आहे. म्हणून आम्ही जाहिराती चाळत बसतो.

या दोन प्रवासांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला गेल्या वर्षापर्यंत वाटले नव्हते.

मी गेली अठरा वर्षे या भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. जव्हार सुमारे दीड हजार फुटांवर वसलेले आहे. एके काळी हे मुकणे राजांचे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसाचा धबधबा पाहायला मुंबई-ठाण्याची मंडळी येतात आणि आमच्याकडे पाहून म्हणतात, "तुमचे काय, तुम्ही बारा महिने हिल स्टेशनवर!" या मंडळींत आमचे डोंबिवलीचे साडू अग्रभागी असतात. त्यांचे कुटुंब दर पावसाळ्यात चार दिवस आमच्याकडे राहते आणि परत जाताना साडू न चुकता सांगतात की, जव्हारइतकी स्वस्त सहल दुसरी नाही. त्या चार दिवसांत आमचे सिलिंडर संपते आणि दूधवाल्याचे बिल दुप्पट होते, हे त्यांच्या हिशेबात येत नाही. कोणाचा तरी छुपा खर्च म्हणजेच दुसऱ्या कोणाची तरी स्वस्ताई, हे सूत्र मला तेव्हाच सुचायला हवे होते.

तर गेल्या दसऱ्याला हेच साडू आले आणि त्यांनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. निळा समुद्र, पांढरीशुभ्र बोट, तिच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. राहणे, खाणे, करमणूक सगळे आत. आणि खाली ठळक अक्षरांत: "प्रत्येकी १९,९९९ रुपयांपासून!"

घरात एकदम शांतता पसरली. चिरंजीव आठवीत, त्यांनी तलावाकडे बोट दाखवले. कन्या बारावीत, ती काही बोलली नाही, पण पुस्तक मिटून जवळ आली. सौ. मोखाड्याच्या एका पतपेढीत हिशेब पाहतात. लग्नाला वीस वर्षे झाली, त्यात आमचा समुद्र केळव्याच्या पुढे गेलेला नाही. त्यांनी नुसते "छान आहे" म्हटले. पण ते त्यांनी दोनदा म्हटले.

सर्वांत आश्चर्य आईचे. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. माहेर रत्नागिरीकडचे. ती म्हणाली, "मी लहानपणी बोटीनेच यायचे रे मुंबईला. बंदराला बोट लागायची नाही, पडावात बसून बोटीपर्यंत जायचे. डेकवर सतरंजी टाकायची, नाकाशी लिंबू धरायचे. मग ती बोट बंद झाली, आणि मी काही पुन्हा समुद्रात गेले नाही."

कोकण किनाऱ्याच्या त्या आगबोटी हे आपल्या दोन-तीन पिढ्यांचे मुंबईचे दार होते. त्या बंद पडल्या आणि एस.टी.ने ते काम केले. बोटीची हौस मात्र गेली नाही. २०१८ साली 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. ती फार काळ टिकली नाही. करोनानंतर २०२१ पासून मुंबईहून पुन्हा सहलींच्या मोठ्या बोटी सुटू लागल्या आणि २०२५ साली बॅलार्ड पिअरला त्यांच्यासाठी नवे टर्मिनलही उघडले. एके काळी चाकरमान्याची असलेली बोट आता हौशी पर्यटकाची झाली.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. पाच माणसे, प्रत्येकी १९,९९९, एकूण ९९,९९५. म्हणजे एक लाखाला पाच रुपये कमी! सौ.ची भिशी लागली होती, तिचे १,१०,००० रुपये घरात होते. म्हणजे वर दहा हजार शिल्लक. दुसऱ्या दिवशी मी जाहिरातीतल्या नंबरावर फोन केला. पलीकडचा तरुण फार गोड बोलत होता. "सर, ही सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे. पंचवीस हजार भरून जागा धरून ठेवा." मी जागा धरून ठेवल्या. घरात कोणाला विचारले नाही; म्हटले, दिवाळीला एकदम आनंदाची बातमी देऊ. पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून गेले. पैसे भरल्यानंतर मला अटींचा कागद आला. तो आधी मागायचा असतो, हे मला माहीत नव्हते.

त्या कागदात पहिले कळले ते असे की, १९,९९९ हा दर आठवड्याच्या मधल्या दिवशी सुटणाऱ्या बोटीतल्या, खिडकी नसलेल्या, दोघांनी वाटून घ्यायच्या खोलीचा आहे. दिवाळीच्या आठवड्यात प्रत्येकी ३,००० जास्त. दुसरे असे की, बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि कर त्यात धरलेले नाहीत. तिसरे असे की, भरलेले पंचवीस हजार कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत.

मी मराठीचा मास्तर. 'पासून' आणि 'पर्यंत' ही शब्दयोगी अव्यये मी मुलांना जोडीने शिकवतो. एक आरंभ दाखवते, दुसरे शेवट. जाहिरातीत 'पासून' असे चांगले ठळक छापले होते. 'पर्यंत' कोठेच नव्हते, आणि माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

ही गोष्ट पोटात घेऊन मी तीन दिवस हिंडत होतो. चौथ्या दिवशी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी रजा मागायला आला. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, वर्गात मागच्या बाकावर बसणारा, अक्षर मोत्यासारखे.

"कशाला रे रजा?"

"मुकादम आलाय, सर. बापाची उचल ठरायची आहे. मी वही घेऊन बसतो तिथं."

"वही कशाला?"

"मुकादम आकडा एकच सांगतो, सर. तीस हजार उचल. बाप खूश होतो. बाकीचे आकडे वैशाखात कळतात. दर आठवड्याची खर्ची, गाडीभाडं, दवापाणी, सगळं उचलीत मिळवत जातात. मागं दोन सालं आम्ही काम करून उलटे देणेकरी निघालो. म्हणून आता मी आधीच विचारतो, काय काय कापणार ते सगळं सांगा. आणि लिहून घेतो."

मी त्याला रजा दिली. तो गेल्यावर बराच वेळ स्टाफरूममध्ये बसून राहिलो. ज्या प्रश्नावर त्याच्या घरची भाकरी अवलंबून होती तो प्रश्न तो वीस-एकविसाव्या वर्षी शिकला होता. आणि मी एम.ए. झालेला माणूस, करमणुकीसाठी पंचवीस हजार भरताना तोच प्रश्न विचारायला विसरलो होतो.

त्या संध्याकाळी मी सौ.ला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. रात्रीची भांडी आवरून झाल्यावर म्हणाली, "पंचवीस हजार अडकले त्याचे मला एवढे नाही. मला न विचारता अडकले, त्याचे आहे." मग दोन दिवस घरात अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी तिने पतपेढीतल्यासारखी लांब वही समोर ठेवली आणि म्हणाली, "अहो, लिहा आता. दाराला कुलूप लावल्यापासून ते परत येऊन कुलूप उघडेपर्यंत जे जे लागेल ते सगळे."

'पासून' आणि 'पर्यंत' एकाच वाक्यात! मी मुकाट्याने लिहू लागलो. तो हिशेब वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून जसाच्या तसा देतो.

जाहिरातीप्रमाणे भाडे, पाच माणसे: ९९,९९५
दिवाळीच्या आठवड्याची वाढ: १५,०००
बंदराचे शुल्क, प्रत्येकी २,५००: १२,५००
सेवाशुल्क, प्रत्येकी रात्रीला ५००: ७,५००
कर: ७,०००
गोव्यात बोटीतर्फे दाखवायची ठिकाणे, प्रत्येकी २,२००: ११,०००
सरबते, कॉफी व 'आत नसलेले' खाणे: ४,०००
बोटीवरचे इंटरनेट: ३,०००
फोटो: १,५००
जव्हार-मुंबई मोटार, जाऊन-येऊन: ९,०००
कपडे व बॅगा: ८,०००
विमा: १,५००

बेरीज झाली १,७९,९९५. म्हणजे एक लाख ऐंशी हजाराला पाच रुपये कमी. बाकी सगळे आकडे वाढले, ते पाच रुपये मात्र इमानाने कमीच राहिले!

सौ.ने बेरजेखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "यातला एकही खर्च खोटा नाही. फक्त तो आपल्याला एकदम दाखवला नाही."

हे तिने फार नेमके सांगितले. बोटीचा धंदाच तसा चालतो. बोट बंदरातून सुटली की रिकामी खोली म्हणजे कायमचे बुडालेले उत्पन्न. म्हणून भाडे उतरवून खोल्या भरायच्या आणि माणसे बोटीवर चढली की कमाई आतल्या दुकानांतून, पेयांतून, सहलींतून करायची. कार्निव्हल ही जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. तिच्या २०२३ सालच्या ताळेबंदात एकूण उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर आहे. त्यातले सुमारे ७.५ अब्ज डॉलर तिकिटाबाहेरचे. म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया तिकिटात नसतोच. यात लपवाछपवी आहे असे नाही. हे आकडे कंपनी स्वतः छापते. पण ताळेबंद कोण वाचतो? आपण जाहिरात वाचतो.

एक किंमत दाखवायची आणि गिऱ्हाईक पुढे सरकत जाईल तसतशी थेंबाथेंबाने ती वाढवायची, या युक्तीला इंग्रजीत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. आपल्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात ही युक्ती आहे. 'आज रात्री बारापर्यंतच' असा खोटा धाक घालणे हीही त्या यादीतली एक युक्ती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून सक्तीचे सगळे शुल्क धरूनच किंमत जाहीर करायचा कायदा लागू केला, तेव्हा बड्या क्रूझ कंपन्यांनाही आपले छापील दर बदलावे लागले. आपल्याकडे तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण मी तक्रार कशाची करणार? अटींचा कागद न मागता पैसे भरणारा मीच होतो.

आता प्रश्न असा की, जायचे की पंचवीस हजारांवर पाणी सोडायचे?

आई म्हणाली, "राहू द्या. माझे काय, मी पाहिलाय समुद्र." ते ऐकून सौ.ने वहीचे पान उलटले आणि नवा हिशेब मांडायला घेतला. या वेळी रोज रात्री तास-तासभर आम्ही पाचही जण बसत होतो. त्यातून जे धडे मिळाले ते क्रमाने सांगतो.

पहिला धडा तारखेचा. बोटीच्या भाड्यात सर्वांत मोठा फरक खोलीने पडत नाही इतका तारखेने पडतो. दिवाळी, नाताळ, मे महिना या दिवसांत तीच खोली, तेच जेवण, तोच समुद्र महाग होतो. अटींच्या कागदात आणखी एक ओळ होती: सुटायच्या पंधरा दिवस आधी कळवल्यास प्रत्येकी १,००० रुपये भरून एकदा तारीख बदलता येईल. आम्ही पाच हजार भरले आणि फेब्रुवारीतला आठवड्याचा मधला दिवस घेतला. मुलांच्या तीन दिवसांच्या शाळा-कॉलेजावर घरात चर्चा झाली आणि कन्येच्या परीक्षेच्या तारखा पाहूनच दिवस ठरला.

दुसरा धडा खोलीचा. दर नेहमी दोघांनी वाटून घ्यायच्या खोलीचा असतो. एकट्या माणसाला बहुधा दुसऱ्या रिकाम्या खाटेचेही पैसे भरावे लागतात. उलट एकाच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला पुष्कळदा सवलत मिळते. आम्ही तीन आणि दोन अशी विभागणी केली. खिडकीच्या खोलीचा मोह सौ.ला होता. मी घ्या म्हटले, तीच म्हणाली, "झोपायला खिडकी कशाला? समुद्र गच्चीवरून सगळ्यांना सारखाच दिसतो."

तिसरा धडा सेवाशुल्काचा, आणि येथे मला वाचकांना विनंती करायची आहे. काटकसर सांगणारे लोक हे शुल्क कापून घ्यायला सांगतात. ते करू नका. खोली झाडणारा, ताट मांडणारा माणूस महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. त्यांत आपल्या गोव्या-कोकणातली मुलेही असतात. ते शुल्क भाड्याचाच भाग आहे असे धरून पहिल्यापासून हिशेबात घ्यावे. परदेशी बोटींवर ते माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर असते; चार माणसे, चार रात्री धरल्या तर कमीत कमी २५६ डॉलर. हा आकडा शेवटच्या रात्री कळला की कडू लागतो. पहिल्या दिवशी वहीत लिहिला की लागत नाही.

चौथा धडा बोटीवरच्या बिलाचा. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात, ते दाखवले की वस्तू मिळते. खिशातून नोट जात नाही म्हणून खर्च झाल्यासारखे वाटत नाही. चिरंजीवांनी पहिल्याच तासात एक हिरवे सरबत या कार्डावर घेतले. मग सौ.ने सगळ्यांची कार्डे आपल्या पर्समध्ये ठेवली. जेवणघरातले पाणी, चहा, जेवण भाड्यातच असते. खास हॉटेलातले ताट, बाटलीबंद पेये, फोटो, मालिश हे वेगळे. काय आत आणि काय बाहेर, हे आधी लेखी मागून घ्यावे आणि रोज रात्री बिल तपासावे. शेवटच्या सकाळी सगळ्यांची रांग लागते, त्या घाईत चूक कोणी सुधारत नाही.

पाचवा धडा मोबाइलचा. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल बोटीच्या स्वतःच्या नेटवर्कला जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर घरच्यासारखे नसतात. बोट सुटताच फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकावा. आम्ही तीन दिवस इंटरनेटशिवाय राहिलो. चिरंजीव पहिल्या दिवशी रुसले, दुसऱ्या दिवशी आजीबरोबर पत्ते खेळू लागले.

सहावा धडा बंदरावरचा. गोव्यात बोट मुरगावला लागते. तेथून पणजी सुमारे तीस किलोमीटर. आम्ही बोटीची सहल न घेता टॅक्सी ठरवली, पणजीला गेलो, मासे-भात खाल्ला. पण येथे एक धोका आहे. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. तुमच्या टॅक्सीला उशीर झाला तर ती थांबत नाही. म्हणून परतीला दोन तास हातचे राखावेत.

सातवा धडा विम्याचा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी. घरात वयस्कर माणूस असेल तर प्रवासाचा विमा हा चैनीचा खर्च समजू नये आणि तो समुद्रावर लागू आहे ना, हे विचारून घ्यावे.

परदेशी बोटीने जाणाऱ्यांनी आणखी दोन आकडे लिहावेत. एक व्हिसाचा: सिंगापूरहून निघून मलेशियात जाऊन परत सिंगापूरला येणारी बोट असेल तर सिंगापूरचा अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. दुसरा टीसीएसचा: परदेशी सहलीच्या रकमेवर तो आधीच घेतला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण आज तो खिशातून जातोच.

आता आमचा दुसरा हिशेब ऐका.

फेब्रुवारीचे भाडे, पाच माणसे: ८२,०००
बंदराचे शुल्क: १२,५००
सेवाशुल्क: ७,५००
कर: ५,५००
तारीख बदलल्याचे: ५,०००
जव्हार-मुंबई प्रवास, जाऊन-येऊन: २,५००
गोव्यातली टॅक्सी व जेवण: ३,५००
सरबते (हिरवे धरून): १,०००
विमा: १,५००

एकूण १,२१,०००. पहिल्या हिशेबापेक्षा ५८,९९५ रुपये कमी. भिशीच्या वर ११,००० लागले. त्यातले पाच हजार माझ्या उतावीळपणाचा दंड. तो मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासल्याच्या मानधनातून भरला. उरलेले सहा हजारही सौ.ने माझ्याच नावे टाकले. मी हरकत घेतली नाही.

मोटारीऐवजी आम्ही मोखाडा, खोडाळ्याहून एस.टी.ने कसाऱ्याला उतरलो आणि तेथून लोकलने मुंबईला. गाडी वैतरणेच्या खोऱ्यातून जात होती. या खोऱ्यातले पाणी धरणांतून मुंबईच्या नळांना जाते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. ही वाट मी शेकडो वेळा केलेली आहे. पण वही मांडीवर घेऊन बसलो होतो म्हणून की काय, त्या दिवशी प्रथमच मनात आले की, मुंबईच्या स्वस्त पाण्याच्या हिशेबातही कोठेतरी एक रकाना भरायचा राहून गेला आहे. येथे सहलीला येणाऱ्या शहरातल्या वाचकांना एवढेच सांगतो: दाभोसाला आलात तर सोबत गावातला वाटाड्या घ्या, जेवण पाड्यावर सांगा, नागलीची भाकरी खा, त्याचे पैसे मोकळ्या हाताने द्या आणि रिकाम्या बाटल्या परत न्या. तेवढ्याने आमची जागा तुम्हाला महाग पडणार नाही.

बोटीवर चढताना आईच्या पिशवीतले डिंकाचे लाडू तपासणीत अडकले. बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, हा नियम आम्ही वाचला नव्हता. एवढी वही भरूनही एक ओळ राहिलीच. लिंबू मात्र तिने कमरेच्या बटव्यात ठेवले होते, ते कोणाला दिसले नाही.

पहिल्या रात्री मला जाग आली तेव्हा आई खाटेवर नव्हती. घाबरून वर गेलो. गच्चीवर ती आणि सौ. कठड्याशी उभ्या होत्या. वारा होता, दोघींच्या अंगाला एकच शाल होती. किनाऱ्याकडे खूप दूर एक दिवा उघडझाप करत होता. तो कोणत्या दीपगृहाचा हे मला सांगता येणार नाही. पण आईने तो आपल्या माहेरचाच, असे ठरवून टाकले होते आणि सौ.ने तिला दुजोरा दिला होता.

"तेव्हाही असाच दिसायचा," आई म्हणाली. "तेव्हा तिकीट वेगळे, हमाल वेगळा, बंदरावरून घरी जायची बैलगाडी वेगळी. वडील सगळे कागदावर मांडून निघायचे. तुझ्यासारखे नव्हते."

सौ. हसली. तारखेचा घोळ झाल्यापासून ती त्या विषयावर प्रथमच हसत होती. मी वहीत पाहिले, त्या गच्चीचे, त्या वाऱ्याचे, त्या दिव्याचे काही शुल्क लिहायचे राहिले आहे का म्हणून. नव्हते.

मे महिन्याच्या शेवटी तो विद्यार्थी भेटायला आला. आईबाप भट्टीवरून परत आले होते. मुनीमाच्या वहीत आणि त्याच्या वहीत १,८०० रुपयांचा फरक निघाला होता. दोन आठवड्यांची खर्ची दोनदा लिहिली गेली होती. त्याने पान उघडून दाखवले, मुनीमाने मान हलवली आणि आकडा दुरुस्त केला. या साली ते देणेकरी निघाले नाहीत.

"तुमची बोट कशी झाली, सर?" त्याने विचारले.

मी त्याला आमची वही दाखवली. त्याने पहिली बेरीज पाहिली, दुसरी पाहिली, बोट फिरवून दोन्ही तपासल्या. मग म्हणाला, "बरोबर आहे, सर. पण ह्या पहिल्या बेरजेत हे पाच रुपये कमी कशाला ठेवलेत?"

मी म्हटले, "ते जाहिरातवाल्याने सोडले, बाबा. तेवढीच त्याची सवलत."